वजनदार मामा

पाहुणा दारात आला की आधी पाणी विचारावं, मग प्रवास कसा झाला ते विचारावं, अशी आपल्याकडची रीत. माझ्या भाच्याने नारिता विमानतळावर मला वाकून नमस्कार केला आणि उठता उठता विचारलं, "मामा, तुझं वजन किती आहे रे सध्या?"

परदेशात राहून पोरगं माणसांची काळजी करायला शिकलं, असं वाटून मला भरून आलं. "ब्याण्णव," मी म्हणालो. नव्वदीपुढचे आकडे मी जरा पुटपुटतच सांगतो.

भाच्याचा चेहरा पडला. "वर्षभर झटून मी गाडीतून अठरा किलो काढले, मामा. तू नुसता बसलास की त्याच्या पाचपट परत आत."

गाडी पार्किंगमध्ये उभी होती. माझदाची युनोस रोडस्टर, १९८९ साली बाजारात आलेलं मॉडेल. कापडी छत, बटण दाबलं की बॉनेटमधून डोकं वर काढणारे दिवे, आणि जागा मोजून दोन माणसांची. आम्ही दोघं नवरा-बायको तिथं पोचलो होतो, भाचा तिसरा, भाचेसून चौथी. हिशेब माझ्या बायकोच्या लक्षात माझ्या आधी आला.

"मामी, तू हिच्याबरोबर ट्रेनने ये," भाचा म्हणाला. "इथली ट्रेन मस्त असते."

"आणि बॅगा?"

"त्या कुरिअरने जातील. उद्या घरपोच."

अशा रीतीने लोणचं आणि बायको वेगवेगळ्या मार्गांनी निशी-कासाईला रवाना झाली. तोक्योतल्या या भागात भारतीय वस्ती बरीच आहे, त्यामुळे पत्ता चुकला तरी कोणी ना कोणी पोहे खायला घालून घरी पोचवेल, असा बायकोला दिलासा देण्यात आला.

भाच्याने शेजारची मूळची सीट काढून तिथे शर्यतीच्या गाडीतली पातळ सीट बसवली होती. तिला दोन्ही बाजूंनी कान असतात. त्या कानांच्या मध्ये मी बसलो, म्हणजे कुकरच्या डब्यात अख्खा भोपळा बसवतात तसा बसवला गेलो. रस्ता माझ्या बुडाखाली चार बोटांवर होता. शेजारून ट्रक गेला तेव्हा मी त्याच्या चाकाचे नट मोजले.

हलक्या गाडीचा नाद लागलेल्या माणसाला एकदा पाहिलं की बाकीचे नाद फार समंजस वाटायला लागतात. भाच्याने स्टेपनी काढली होती. जॅक काढला होता. रेडिओ, स्पीकर, पायाखालचा गालिचा, ऊन अडवायची झापड, सगळं एकेक करून काढलं आणि प्रत्येक वस्तू भाचेसुनेच्या केकच्या वजनकाट्यावर तोलून वहीत नोंदवली. काटा दोन किलोच्या पुढे जात नाही, म्हणून गालिचा तुकडे करून तोलावा लागला. पेट्रोलची टाकी तो कधीच पूर्ण भरत नाही. पंचेचाळीस लिटरची टाकी, त्यातली अर्धी रिकामी ठेवली की सतरा किलो वाचतात. परिणामी आम्ही जिथे जाऊ तिथे आधी पेट्रोल पंप शोधत जाऊ.

"हा मला पर्स घरी ठेवून यायला सांगतो," भाचेसून म्हणाली.

"त्यात छत्री होती," भाचा म्हणाला.

एवढ्या कडक शिस्तीच्या या माणसाचं स्वतःचं पोट मात्र स्टिअरिंगला टेकत होतं. रात्री थालीपिठांच्या तिसऱ्या फेरीला त्याने लोणी मागितलं तेव्हा मी वहीची आठवण करून दिली. "कंपनीच्या आकड्यात ड्रायव्हर धरत नाहीत," तो म्हणाला आणि लोण्याचा गोळा मोठा असल्याची खात्री करून घेतली.

नादामागचं पुराण त्याने मला जेवणानंतर सांगितलं. आपण आस्तिक नसलो तरी पुराण ऐकून घ्यावं, विशेषतः कुरिअरने बॅगा यायच्या असतील आणि घालायला भाच्याचाच सदरा असेल तेव्हा.

जपानचा बराचसा भाग डोंगराळ. घाटरस्त्याला तिकडे तोगे म्हणतात. अरुंद रस्ता, एकामागून एक यू-वळणं आणि रात्री चिटपाखरू नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या पोरांना शर्यतीच्या ट्रॅकचं भाडं परवडत नव्हतं, त्यांनी हे घाटच ट्रॅक मानले. या पंथाचे आद्यपुरुष कुनिमित्सु ताकाहाशी. मुळात ते मोटरसायकलवाले. १९६१ साली होंडावर बसून त्यांनी जागतिक अजिंक्यपद मालिकेतली शर्यत जिंकली, आणि असं करणारे ते पहिले जपानी. पुढे चारचाकीत आल्यावर ते वळणावर गाडी आडवी घसरवत नेऊ लागले. ते पाहून ज्याचं डोकं फिरलं तो पोरगा म्हणजे केइची त्सुचिया, जन्म १९५६, गाव नागानो प्रांतात. त्याने गुन्मा आणि नागानोच्या सीमेवरच्या उसुई घाटात हात साफ केला आणि १९८७ साली घाटातल्या आपल्या घसराघसरीची 'प्लस्पी' नावाची व्हिडिओ टेप बाजारात आणली. पुराव्यानिशी गुन्हा करून तो विकायला ठेवणारा माणूस एरवी वेड्यात निघाला असता. याला ड्रिफ्ट किंग ही पदवी मिळाली.

आणि या पुराणातला रथ म्हणजे टोयोटाची एई ८६. हे नाव घेताना भाचा सावरून बसला. १९८३ साली कंपनीने करोलाची नवी पिढी आणली आणि तिचं इंजिन फिरवणार पुढची चाकं, असं ठरवलं. त्यातल्या दोन खेळकर भावंडांना, लेव्हिन आणि ट्रुएनो यांना, मात्र जुन्याच सांगाड्यावर ठेवलं, म्हणजे ताकद मागच्या चाकांना. सोळाशे सीसीचं इंजिन, १३० हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. नव्या काळाबरोबर जायचं राहून गेलेली ही गाडी पुढे दंतकथा झाली. मला हे फार आवडलं. माझ्या ऑफिसात अशी बरीच माणसं होती, फक्त त्यांचं पुढे काही झालं नाही.

"पण १३० हॉर्सपॉवर म्हणजे आज काहीच नाही ना?" मी विचारलं.

"तीच तर मजा आहे, मामा!" भाचा उठून उभा राहिला. "ताकदीची गाडी कोणीही घसरवेल. नुसता अॅक्सिलरेटर दाबायचा, मागची चाकं फिरतात. हिला ताकदच नाही, म्हणून वजन खेळवावं लागतं. वळणाआधी ब्रेक मारलास की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं, मागचा भाग हलका होतो. त्या क्षणी स्टिअरिंग वळवायचं. मागची चाकं पकड सोडतात, गाडी आडवी होते, मग स्टिअरिंग उलटं फिरवून तिला तशीच तोलून धरायची. गाडी जितकी हलकी तितकी पटकन ऐकते. जड गाडीला एकदा घसरायला लावलं की थांबवायचं कसं हा प्रश्न."

दुसऱ्या दिवशी निशी-कासाईच्या चौकात त्याने जोरात ब्रेक मारला तेव्हा माझं पोट पुढे गेलं, पाठीचा भाग सीटपासून सुटला आणि मला सिद्धांत पटला.

उतारावर तर हलक्या गाडीचं राज्यच, असं हे लोक मानतात. खाली जाताना इंजिनाच्या ताकदीचा फारसा उपयोग नसतो, उतारच गाडी ओढतो. जड गाडीचे ब्रेक तापतात, टायर झिजतात. हलकी गाडी उशिरा ब्रेक मारून आधी वळते. म्हणून दीडपट ताकदीच्या गाडीला उतारावर एखादा पोऱ्या जुन्या खटाऱ्यातून मागे टाकू शकतो. याच एका कल्पनेवर शुइची शिगेनो यांनी 'इनिशियल डी' ही चित्रकथा १९९५ पासून २०१३ पर्यंत चालवली. नायक तोफूवाल्याचा मुलगा. पहाटे बापाच्या ८६ मधून डोंगरावरच्या हॉटेलात तोफू पोचवतो. बाप गाडीत पाण्याने भरलेला कप ठेवतो आणि पाणी सांडता कामा नये म्हणून बजावतो, नाहीतर तोफू मोडेल. अशाने पोरगा घाटातला राजा होतो.

या कथेने जगभरच्या पोरांना वेड लावलंच, शिवाय गरिबांची गाडी गरिबांच्या हातून कायमची काढून घेतली. जी ८६ विद्यार्थी खिशातल्या पैशात सेकंडहँड घ्यायचे, ती आता घ्यायची तर तोफू विकून भागणार नाही, तोफूचा कारखाना विकावा लागेल. म्हणून भाच्याने रोडस्टरवर समाधान मानलं. टोयोटाने सुबारूबरोबर मिळून २०१२ साली त्याच नावाची नवी गाडी काढली, पण ती बाराशे किलोच्या आसपास भरते. "बिचारी सुटली," असं भाचा तिच्याबद्दल म्हणतो. हा शब्द तो माझ्याकडे न बघता वापरतो, हे त्याचे संस्कार.

रविवारी तो मला हारुना डोंगरावर घेऊन गेला. चित्रकथेतला घाट हाच, तिथे फक्त त्याचं नाव बदललेलं आहे. पायथ्याच्या शिबुकावा गावात रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांवरसुद्धा त्या गाडीची चित्रं आहेत. भाचा एका झाकणाशी गुडघे टेकून बसला. मी मात्र गाडीतच थांबलो. त्या सीटमधून उठायचं तर आधी दार उघडायचं, मग एक हात रस्त्यावर टेकायचा, मग कुशीवर वळून गुडघ्यावर यायचं आणि शेवटी भाच्याला हाक मारायची. चित्रातल्या गाडीसाठी एवढं करणं माझ्या भक्तीला झेपणारं नव्हतं.

घाट सुरू व्हायच्या आधी त्याने पिशवीतून कागदी कप काढला आणि घरून आणलेलं ताक त्यात काठोकाठ ओतलं.

"पाणी ठेवतात ना?"

"पाणी वाळलं की कळत नाही. ताकाचा डाग राहतो. जास्त शास्त्रीय."

कप ठेवायची खाच त्याने वजनासाठी काढून टाकली होती, तेव्हा कप माझ्या हातात आला. ताक सांडलं ते वळणावर नव्हे. पायथ्याच्या सिग्नलला, दुसरा गिअर पडताना. अर्धं माझ्या विजारीवर आणि अर्धं त्या पातळ सीटमध्ये. घाट अजून लागायचा होता. भाचा म्हणाला, "हरकत नाही, शंभर ग्रॅम कमी झाले," आणि मी सांगितलं की ते कुठेही गेलेले नाहीत.

घाट मात्र खरंच देखणा. पानगळीचे दिवस, दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं, आणि आमच्या पुढे सहलीची बस. बसमध्ये सगळे पेन्शनर. त्यांनी मागच्या काचेतून आम्हाला पाहिलं, आमच्या दिव्यांकडे बोट दाखवलं आणि हात हलवले. ओव्हरटेक करायला बंदी, वळणावर आरसे, रस्त्याच्या मधोमध उभे केलेले पट्टे. या घाटात घसराघसरी करणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून ठिकठिकाणी उंचवटेही केले आहेत. अत्यंत हलक्या, अत्यंत तत्पर, वजन खेळवणाऱ्या गाडीत बसून आम्ही ताशी तीसच्या वेगाने वर निघालो. भाचा तोंडाने मात्र सगळं करत होता. "इथे ब्रेक... आता वळवायचं... आता उलटं..." बस थांबली की तोही थांबे.

वर तलावाजवळ रस्त्याचा एक तुकडा गाणारा आहे. डांबरात अशा खाचा कोरल्या आहेत की ठरलेल्या, कायदेशीर वेगाने गाडी नेली तर टायरांतून सूर उमटतात. जास्त पळवाल तर गाणं बिघडतं. वेगवेड्यांच्या पंढरीत असा रस्ता बनवणाऱ्या अभियंत्याला मला एकदा भेटायचं आहे. भाच्याने त्यावरून गाडी नेली. आमच्याकडून जो सूर निघाला त्यात गालिचा नसलेल्या पत्र्याची साथ होती.

तलावाशेजारच्या पार्किंगमध्ये या पंथाचे बाकीचे वारकरी जमले होते. सिल्व्हिया गाड्या होत्या, एक खरीखुरी ८६ होती, आणि सुझुकीची कॅपुचिनो नावाची इवलीशी गाडी होती. ती सातशे किलोंची, ६५७ सीसीची. तिच्या मालकाने माझ्याकडे पाहून दोन पावलं मागे घेतली, कोणी बसवून दाखवा म्हणेल या भीतीने. सगळे बॉनेट उघडून उभे होते. एकाने कार्बन फायबरचं बॉनेट बसवलं होतं आणि ते करंगळीवर उचलून दाखवत होता. दुसऱ्याने मागची काच काढून प्लॅस्टिक लावलं होतं. कोणीही कुठेही जात नव्हतं. प्रत्यक्षात घसरायचं ते भाडं भरून बंद ट्रॅकवर, तेही टायर जाळून परत येताना ट्रेनचं भाडं उरेल इतपतच. स्पर्धाही आता रीतसर होतात, डी वन नावाच्या. तिथे कोण लवकर पोचला हे बघत नाहीत. कोन किती केला, ओळ कशी धरली, धूर किती दिसला याचे गुण मिळतात. पोचण्यापेक्षा धुराला मार्क, हे ऐकल्यावर ही स्पर्धा मला एकदम आपल्याकडची वाटली.

भाच्याने माझी ओळख करून दिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की मीही कितीतरी वर्षं सुझुकीच चालवली आहे. ओम्नी. भाच्याने ते भाषांतर करून सांगितलं, तिचं कूळ सुझुकी कॅरीचं असल्याचंही जोडलं, आणि बोलता बोलता तो मध्येच थांबला.

"मामा. ओम्नीचं इंजिन कुठे असतं?"

"सीटखाली. उन्हाळ्यात बूड भाजतं."

"म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. आणि ताकद?"

"मागच्या चाकांना."

"वजन आठशे किलोच्या आत." त्याचा आवाज कापरा झाला. "मिड-इंजिन, रिअर-व्हील ड्राइव्ह, आठशे किलोंच्या आत. आणि तू ती कुठे चालवायचास?"

"आंबा घाटात. रत्नागिरीला जाताना. पावसाळ्यात मागून आपोआप घसरते ती. तुझी आई, आजी, चार पोरं, हापूसच्या सहा पेट्या..."

त्याने ते भाषांतर केलं. पार्किंगमध्ये शांतता पसरली. ८६ चा मालक पुढे आला आणि कमरेत वाकला. मग सिल्व्हियावाला वाकला. पोरं आणि पेट्या गाडीत असताना मी उलटं स्टिअरिंग कधी मारायचो, असं कॅपुचिनोवाल्याने अदबीने विचारलं. मी म्हणालो, गाडीत आई असली की आपोआप मारलं जातं, ती मागून ओरडते. तेही भाषांतर झालं. दोघांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात एक बुटका पांढरा ट्रक आला. ६६० सीसीचा, शेतकरी वापरतात तो. मागे कोबीची रास, गुन्मा प्रांतातल्या त्सुमागोई गावचा कोबी फार नावाजलेला. चालवणारे आजोबा ऐंशीच्या घरातले, डोक्याला टॉवेल. सुबारूच्या अशा एका ट्रकला इथले लोक कौतुकाने शेतरस्त्यावरची पोर्शे म्हणतात. आजोबांनी हॉटेलच्या मागच्या दाराशी कोबी उतरवला, रिकामा ट्रक फिरवला आणि ते उताराला लागले.

"बघ," भाचा गाडीत बसता बसता म्हणाला, "आता बस नाही. उतार आपला."

पहिल्या वळणाला ट्रकचा मागचा दिवा दिसला. दुसऱ्याला नुसता ब्रेकचा लाल उजेड. तिसऱ्या वळणाला आजोबा नव्हते. वेगमर्यादा त्यांनी मोडली म्हणावी तर तसंही नव्हतं, ते फक्त कुठेच हळू होत नव्हते.

"तुझ्यामुळे," भाचा म्हणाला. "ब्याण्णव किलो."

"आणि ताक," मी म्हणालो.

मी परत आल्यावर काही महिन्यांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. भाचेसुनेला दिवस गेले होते. आनंदीआनंद झाला, माझ्या बायकोने डिंकाच्या लाडवांचं वजन आणि कुरिअरचा दर दोन्ही काढले. मग भाचा मोबाइल घेऊन बाल्कनीत गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, दोन सीटची गाडी आता चालणार नाही. मी विचार करतोय की ८६ घ्यावी. मागेही सीट आहे. मागचं दार वर उघडतं, बाबागाडी आत जाते. मुळात करोलाच आहे ना ती. म्हणजे फॅमिली कारच."

"पैसे?"

"बाळासाठीच करतोय ना सगळं."

बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला. भाचेसून मागे उभी होती.

"गाडी मी बुक केली," ती म्हणाली. "होंडाची एन-बॉक्स. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आहे."

ही एन-बॉक्स म्हणजे जपानात सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांपैकी एक. ६६० सीसीच्या वर्गातली, उंच, चौकोनी, घडीच्या खुर्च्या आणि बाळाचे डायपर ठेवायला केलेली.

"तो खोका?" भाचा ओरडला. "वजन किती असेल त्याचं!"

"नऊशे दहा किलो."

रोडस्टरचं वजन मला वहीमुळे पाठ होतं. मुळात नऊशे चाळीस, स्टेपनी, जॅक, रेडिओ, गालिचा आणि झापड काढून नऊशे बावीस. भाचा स्क्रीनवर इतका वेळ हलला नाही की माझ्या बायकोला वाटलं नेट गेलं.

"रिअर-व्हील ड्राइव्ह?" त्याने शेवटी विचारलं.

"पुढची चाकं," भाचेसून म्हणाली. "पण दारं बटणावर सरकतात. आणि मामा, पुढच्या वेळी तुम्ही आणि मामी दोघं या. मागची सीट पाडली की झोपायलासुद्धा येतं."